परातीमागचा सिग्नल

घोडपदेवच्या त्या घरात वायफायचा पासवर्ड सांगत नसत, गाऊन दाखवत. मी ज्यांच्या पोटमाळ्यावर तीन वर्षं भाड्याने राहिलो, त्या बुवांनी स्वतः बांधलेल्या एका भजनी गजराची पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत पासवर्ड म्हणून घातली होती, आणि तीही शेवटच्या आलापासकट. पहिल्या दिवशी मी बॅग खाली ठेवली आणि पासवर्ड विचारला. बुवांनी पेटी ओढली, भाता सोडला, डोळे मिटले आणि ओळ म्हटली. मी मोबाइलवर टाइप केली. चूक. त्यांनी परत म्हटली. परत चूक. शेवटी ओट्यापासून बुवांच्या बायको, काकी, म्हणाल्या की शेवटी ‘ए’ सात वेळा घालायचा, मी पाचावर थांबतोय. सात घातले, आणि लागलं.

आता यातली गंमत अशी की मी तेव्हा परळला एका इंटरनेट कंपनीच्या कॉल सेंटरला होतो. दिवसभर कानाला हेडफोन, आणि लोकांना एकच मंत्र: सर, राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, बाबा रिटायर झाले, घरचे बदलापूरला गेले आणि मी ऑफिस जवळ म्हणून इथे आलो. बुवा मला नावाने हाक मारत नसत. ‘कंपनी’ म्हणायचे. कंपनी, चहा घे. कंपनी, तुझी मशीन आज परत मेली. जणू नेट मी पोटमाळ्यावर बसून चरख्यावर कातत होतो.

बुवांचं वय बहात्तर. तरुणपणी गिरणीत, गिरणी गेल्यावर एका शाळेत शिपाई, पण खरा धंदा पहिल्यापासून एकच, डबलबारी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात आणि देवाचं नाव घेत एकमेकांची सालटी काढतात. एकाची बारी संपली की दुसऱ्याची. मध्येच पुराणातला एखादा अडनिडा सवाल टाकायचा आणि समोरच्याने आपल्या बारीत गाऊन त्याचं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर वर्षभर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

आमच्या बुवांचे ठरलेले समोरचे होते, देवगडाकडचे. तीस वर्षं दोघं एकमेकांपुढे बसले, लालबागपासून वरळीपर्यंत मैदान सोडलं नाही. बुवांनी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, ‘समोरचे’ एवढंच. काकी नवऱ्याचं नाव घेत नसत आणि बुवा समोरच्यांचं, त्यामुळे घरात बोलणं नक्की कुणाबद्दल चाललंय हे कळायला मला महिना लागला. बरं, समोरचे घरात नसूनही कायम असायचे. बुवा दाढी करताना आरशाला सांगायचे, हा सूर समोरच्यांना जन्मात लागला नसता. आमटी खारट झाली तर म्हणायचे, ही समोरच्यांच्या घरची दिसते. एकदा तर झोपेत कूस बदलून स्पष्ट म्हणाले, “बसा खाली, तुमची बारी संपली.”

पण एक काटा होता. बारा वर्षांपूर्वी लालबागच्या एका मैदानात समोरच्यांनी सवाल टाकला: मारुती समुद्रावरून उडून लंकेला गेला, तर लंकेत आधी कोण पोचलं, मारुती की त्याची सावली? लोकांनी शिट्ट्या मारल्या. बुवांनी पेटीवर बोटं ठेवली, आणि बरोबर दहा वाजले. पोलीस आले, माइक बंद. त्याच वर्षी समोरचे मुंबई सोडून कायमचे गावी गेले. तेव्हापासून दर दसऱ्याला त्यांचा फोन यायचा, नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट ‘उत्तर गावला?’ बुवा म्हणायचे, फोनावर उत्तर देणारो मी न्हय, समोर बस, मगे देतंय. पलीकडून ठरलेलं हसू यायचं. तुका उत्तर ठावकच नाय, असं म्हणून समोरचे फोन ठेवायचे. मग दोन दिवस बुवा जेवताना भाताशी भांडायचे.

वायफायबद्दल बुवांचं स्वतःचं शास्त्र होतं. राउटर बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर. बुवांची खाट आतल्या खोलीत, जिथे काकींचा ओटाही होता. बाहेर आणि पोटमाळ्यावर नेट धो धो, आणि आत शिरलं की एक दांडी, तीही लाजत लाजत. मी राउटरच्या दोन बँडबद्दल समजावत होतो, तर बुवा म्हणाले, सोपं आहे रे कंपनी, खर्जातला आवाज भिंतीपलीकडे जातो, वरच्या पट्टीतला अडतो. तुझी मशीन वरच्या पट्टीत लावलीय, खाली आण. मी हसलो. रात्रभर विचार केला आणि सकाळी गपचूप खालचा बँड लावला. एका दांडीच्या दोन झाल्या. च्यायला, सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन मला जे सुचलं नव्हतं ते या माणसाने पेटीवर काढलं. त्या दिवशी चाळीत जो भेटेल त्याला बुवा सांगत होते, कंपनी माझ्याकडे शिकायला ठेवलीय.

दोन दांड्यांवर आमचं बरं चाललं होतं. मग एका गुरुवारी देवगडाहून फोन आला, आणि दसरा तर कधीच होऊन गेला होता. समोरच्यांचा मुलगा बोलत होता. वडिलांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन ठरलंय, सोमवारी कोल्हापुरात. वय आणि साखर बघता डॉक्टरांनी कसलीच खात्री दिलेली नाही. रविवारी दुपारी गाव सोडायचं. मग समोरच्यांनी स्वतः फोन घेतला आणि एवढंच म्हणाले की रविवारी सकाळी अकराला समोर बस.

बसणार कसं? बुवांचा गुडघा दोन महिन्यांपूर्वी बदललेला. वॉकर घेऊन संडासापर्यंत जायचे तीच वारी, देवगड कुठलं! फोन ठेवल्यावर बुवांनी समोरच्यांना एकही टोमणा मारला नाही. हा विक्रम होता. मग मला म्हणाले, “कंपनी, तुझ्या त्या व्हिडिओत माणूस समोर बसलो असा धरतत?”

मी म्हटलं, धरतात.

“मगे माका समोर बसव. बाकी काय मागणा नाय.”

आता मोबाइलचं नेट त्या आतल्या खोलीत शून्य. आजूबाजूला राहत्या इमारतींचे टॉवर इतके झालेत की चाळीला आभाळ दिसत नाही तिथे सिग्नल कुठला. म्हणजे मदार वायफायवर. दोन दांड्यांवर व्हिडिओ लावून पाहिला, तर माझ्या मित्राचा चेहरा कौलांसारखा चौकोनी तुकड्यांत आला आणि तिथेच थिजला. बुवा बराच वेळ त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे पाहत बसले. मेलो काय रे हो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मेला नाही, हँग झालाय. हा शब्द बुवांना फार आवडला.

मी सोपा उपाय सुचवला, बाहेरच्या खोलीत बसा, राउटरखालीच. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची पेटी भंगारात विकलीय. आतल्या खोलीत त्यांच्या गुरूंचा फोटो होता. गुरूंची आज्ञा अशी की या घरात पेटी त्यांच्या नजरेसमोरच उघडायची. मी म्हटलं, मग फोटो बाहेर लावू. गुरूंना खिळ्यावरून उतरवायचं? चाळीस वर्षांत रंग काढतानासुद्धा गुरूंच्या भोवतीने रंग दिला होता. भिंतीवर निळ्याच्या मध्ये एक जुना पिवळा चौकोन होता, आणि त्यात गुरू.

शुक्रवारी मी राउटरपासून लांब वायर ओढली, उंबऱ्यावरून आत. दहा मिनिटांत बुवांचा वॉकर तिच्यात अडकला आणि नवा गुडघा जुना होता होता वाचला. काकींनी वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. मग मी सिग्नल पुढे ढकलायचा डबा आणला, आतल्या प्लगला लावला. पण त्याच्यापर्यंतच काही पोचत नव्हतं, तो पुढे काय ढकलणार? राउटरच आत न्यायचा तर केबलवाला म्हणाला मंगळवारी येतो. मंगळवारी! मी त्याला फोनवर जे बोललो ते मला ऑफिसात रोज लोक बोलतात.

शनिवारी सकाळी मी मोबाइल हातात धरून सिग्नल मोजत दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीशी फिरलो आणि मला चोर दिसला. काकींची मांडणी. त्या भिंतीवर आतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीलची भांडी. वर डबे उतरत्या क्रमाने, खाली ताटं उभी, मग वाट्या, पेले, टोप, आणि मधोमध बसून जेवता येईल एवढी परात. दर शनिवारी राखेने घासून काकी ते सगळं लख्ख करत. म्हणजे बाहेरून निघालेला सिग्नल भिंतीतून कसाबसा आत यायचा आणि समोर अख्खा लोखंडी पडदा. आमच्या ट्रेनिंगमध्ये काँक्रीट होतं, आरसे होते, फिशटँक होता. मांडणी नव्हती. ट्रेनिंग लिहिणारा गिरणगावातला नसणार.

मी भीत भीत सांगितलं की मांडणी उतरवावी लागेल. काकी चपाती लाटत होत्या. लाटणं थांबलं.

“तुमचो गुरू खिळ्यावरसून हलणा नाय,” त्या बुवांना म्हणाल्या, “मगे माझी मांडणी कित्या हलतली?”

बुवा गुरूंकडे बघतायत, काकी डब्यांकडे, आणि मी दोघांच्या मध्ये मोबाइल धरून उभा. मला खरंच वाईट वाटत होतं. ती मांडणी म्हणजे काकींचा सगळा संसार होता, एकेक भांड्यावर नाव कोरलेलं, कुणाच्या बारशाचं, कुणाच्या लग्नातलं. आणि हे सगळं मी पाच दांड्यांसाठी खाली ठेवा म्हणत होतो.

तासाभराने काकी उठल्या, पदर खोचला, आणि स्वतःच पहिला डबा खाली घेतला. म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंतच, मग जिथल्या तिथे. मी एकेक भांडं उतरवायचो आणि मोबाइल बघायचो. डबे गेले, फरक नाही. ताटं गेली, अर्धी दांडी. टोप गेले, जरा बरं. मग परात काढली आणि काटा एकदम उडाला, चार दांड्या! मी ओरडलोच. परात उलटी करून पाहिली तर मागे कोरलेलं: डबलबारी भजन, प्रथम पारितोषिक. आणि त्याच्या खाली खिळ्याने खरवडल्यासारखं एक वेडंवाकडं ‘वहिनींस’.

मी काकींकडे पाहिलं. त्या हसल्या. परात समोरच्यांची होती. कधीकाळी त्यांनी आमच्या बुवांना हरवून ती जिंकली आणि दुसऱ्या दिवशी इथे आणून काकींना दिली, हरलेल्या माणसाच्या बायकोचं सांत्वन म्हणून. वर बांगड्याचं तिखलं खाऊन गेले. काकींनी ती हौसेने मांडणीच्या मध्यावर लावली. बुवा खाटेवरून कुरकुरले की बघा, समोरच्यांनी आयुष्यभर माझी वाट अशीच अडवली. मला एक कल्पना सुचली. मी परात बाहेर नेली आणि राउटरच्या मागे उभी केली, पोट आतल्या खोलीकडे. जो सिग्नल बाहेर गॅलरीत वाया जायचा तो परातीवर आपटून उलट आत आला. पाच दांड्या. मी बुवांना सांगितलं, समोरच्यांनी वाट सोडली. बुवांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्या संध्याकाळी राउटरसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. “बा देवा म्हाराजा, ह्या डब्यात तू जो कोण बसलं असशीत, उद्या अकरा ते बारा माझी लाज राख रे म्हाराजा.” होय म्हाराजा म्हणायचं काम माझं. मी सर्टिफाइड टेक्निशियन आहे हे विसरून मी होय म्हाराजा म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. त्याआधी दोन दिवस बुवांनी उत्तराची तालीम केली होती. नवीन चाल, नवीन गजर, आणि शेवटी उत्तर. मी ते ऐकलंय. मी देवभोळा नाही, पण अंगावर काटा आला. बारा वर्षं हा माणूस ते उत्तर पोटात घेऊन बसला होता, आणि लोक म्हणत होते याला ठाऊकच नाही.

रविवार, अकरा. बुवा न्हाऊन, बुक्का लावून, गुरूंकडे तोंड करून खाटेवर. पुढ्यात पेटी. स्टुलावर माझा लॅपटॉप. बुवांच्या पाठीमागे, खाटेच्या कडेला उतरवलेल्या भांड्यांचा ढीग, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. टाळ वाजवायला मी. लॅपटॉपवर समोरचे आले, उशांना टेकून, खंगलेले, पण कपाळावर बुक्का. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या उशीवरची फुलं मोजता आली असती. मला वाटलं होतं दोघं काही बोलतील, बारा वर्षांनी बघत होते. पण छे! समोरच्यांनी आल्या आल्या बुवांच्या टकलावर ओवी टाकली.

आणि एक सांगतो, व्हिडिओवर दोघांनी एकत्र गायचं म्हटलं तर बोंबच होते, इथला सूर तिथे उशिरा पोचतो. डबलबारीचं तसं नाही. एक गातो तेव्हा दुसरा गप्प. जणू ज्याने हा खेळ काढला त्याला व्हिडिओ कॉल येणार हे माहीत होतं. बारी रंगली. बुवांनी समोरच्यांच्या साखरेवर गजर केला. समोरच्यांनी बुवांच्या गुडघ्याला लोखंडी देव म्हटलं. श्वास पुरत नव्हता, मध्ये थांबत होते, पण टोमणा एकही चुकला नाही. मी टाळ वाजवता वाजवता इतका हसलो की ताल गेला आणि दोन्ही बुवांनी एकाच वेळी मला झापलं.

मग समोरच्यांनी तोच सवाल गायला. मारुती आधी की सावली आधी. गाऊन झाल्यावर टेकले, आणि पहिल्यांदाच साधं बोलले. “उद्या माझा ऑपरेशन. ह्या एक उत्तर गावला काय मी मोकळो. मगे काय व्हायचा ता होवंदे.”

बुवांनी पेटीवर सूर धरला. गजर उचलला, तालमीत केला त्याहून गोड. दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या शेवटी उत्तर होतं. बुवांनी उजवा हात वर केला, बोट ताठ, तोंड उघडलं.

आणि बुवा थिजले.

बोट हवेत. तोंड उघडं. भाता अर्धा दाबलेला. पापणीसुद्धा हलेना. मला वाटलं यांनाच काही झालं. मग माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. पाच दांड्या. नेट ठणठणीत होतं. हा माणूस मुद्दाम हँग झाला होता! माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन सेकंद लागले, आणि मीही टाळ अर्ध्यावर धरून थिजलो. पलीकडून मुलाचा आवाज आला, बाबांनू, बुवा हँग झाले. बुवांच्या न मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं. मला हसू आणि रडू एकदम येत होतं आणि दोन्ही दाबायचं होतं.

सगळं जमलं असतं. पण ओट्यापाशी काकींना तिखल्यासाठी टोप हवा होता. त्या आल्या, थिजलेल्या बुवांच्या पाठीमागून वाकल्या, ढिगातून खडखड करत टोप काढला, वाटेत पडलेली वाटी उचलून बाजूला ठेवली, आणि परत गेल्या. भर स्क्रीनवर.

समोरचे उशीवरून पुढे वाकले. त्यांनी हलणाऱ्या काकींकडे पाहिलं, न हलणाऱ्या बुवांकडे पाहिलं, त्या वर धरलेल्या बोटाकडे पाहिलं. बुवांनी हात खाली आणला नाही. मग समोरच्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“नेटवर्क गेला हा,” ते मुलाला म्हणाले. “बंद कर तो फोन. उत्तर मी परत येवन घेतंय.”

स्क्रीन काळी झाली. बुवांनी हात खाली घेतला, डोळे चोळले आणि पेटी बंद केली. बारा वर्षांची अब्रू त्यांनी तशीच उधार ठेवली होती, आणि देवगडाकडे आता सगळे म्हणणार होते की याला उत्तर येतच नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलो. बुवा म्हणाले, नेट चांगला लावलंस रे कंपनी, फक्त टाळ शिकून घे.

दुपार झाली. काकींना दिलेला शब्द म्हणून मी डबे उचलले आणि मांडणी पुन्हा लावायला घेतली. काकी ओट्यापासून वळल्यासुद्धा नाहीत. “रवांदे,” म्हणाल्या. “तो परत येतलो.” मग आम्ही तिखलं जेवलो, ढिगातल्या ताटांत, आणि परात राउटरमागेच राहिली.

सोमवार कसा गेला ते विचारू नका. मंगळवारी केबलवाला आला, त्याला आम्ही हाकलून दिलं. नवव्या दिवशी माझा लॅपटॉप वाजला. कोल्हापूरच्या खाटेवर समोरचे, नाकात नळी, छातीवर पट्टी, आवाज फुंकर मारल्यासारखा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट म्हणाले, “उत्तर?”

बुवांनी पेटी ओढली, सूर धरला, तीन कडवी खणखणीत म्हटली, उजवं बोट वर केलं, आणि हँग झाले.